मागचं पान कोणाचं?

प्रश्न : घोडबंदर रोडला राहणाऱ्या 46 वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. सासरचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि गौरी-गणपती ताईंच्या घरी आले. त्यांच्याकडे एक रीत आहे. गौरीपूजनाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी एक केळीचं पान वाढून मागच्या दारी ठेवायचं. गावच्या घराला मागचं दार होतं. इथे चौदाव्या मजल्यावर ते पान ड्राय बाल्कनीत जातं. पान कोणाचं असं विचारलं की सासूबाई "आधीपासून आहे" एवढंच म्हणायच्या. त्यांच्या नैवेद्याच्या वहीतही दोनच ओळी आहेत : "मागचं पान आधी काढणे. त्याला हळदकुंकू नाही."

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी वंशावळ करताना ताईंनी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढले. 1931 सालची एक मोडीतली नोंद त्यांनी जाणकाराकडून वाचून घेतली. यजमानांचे पणजोबा वारल्यानंतरची ती वारसनोंद. त्यात मुलगा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, पालक म्हणून त्याची आई, आणि शिवाय आणखी एक विधवा, पोटगीची हक्कदार म्हणून. घरात आजवर एकाच पणजीचं नाव घेतलं जातं. ताईंची खात्री झाली आहे की ही पणजोबांची पहिली बायको, घराने तिला पुसून टाकलं आणि मागचं पान तिचंच. यंदा गौरीच्या जेवणाला 40 माणसं जमतील तेव्हा हे सांगावं आणि नाव घेऊन पान ठेवावं, असं त्यांच्या मनात आहे. 84 वर्षांचे चुलत सासरे, म्हणजे घरातले मोठे काका, "झाकलेलं आहे ते बरं आहे, सूनबाई" म्हणून उठून गेले. यजमान म्हणतात, तुला कशाला पाहिजे? ताई विचारतात, खरं सांगायचं की घराची शांतता सांभाळायची?

उत्तर :

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूने, दुसऱ्यांदा मोठ्या काकांच्या बाजूने. तुमचा प्रश्न "खरं की शांतता" असा आहे, पण मला वाटतं त्याआधीचा एक प्रश्न राहून गेलाय. तुमच्या हातात नक्की काय आलंय?

एक कागद आलाय आणि एक रीत आहे. दोन्ही आपापल्या जागी पक्के आहेत. त्या दोघांना जोडणारा दोरा मात्र तुम्ही ओवलाय. तो बरोबर असेलही. पण 40 माणसांसमोर मांडण्याइतका तो अजून पिळलेला नाही.

आधी कागद. "पहिली बायको" हे कागदात कुठे आहे? तुम्ही पाठवलेल्या वाचनात दोन नावांपुढे "कोम" आहे, म्हणजे अमक्याची बायको. कोण आधीची, कोण नंतरची, हे त्यात नाही. जिचा मुलगा वारस ती पालक झाली, म्हणून तिच्या नावापुढे अ.पा.क., अज्ञान पालनकर्ती. दुसरीला मुलगा नव्हता किंवा जगला नसेल, म्हणून ती पोटगीवर. 1937 चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा यायचा होता. एकत्र कुटुंबात मुलगा असताना विधवेच्या वाट्याला अन्नवस्त्र आणि राहायला जागा, बस. आणि दोन बायका करणं त्या काळी गुन्हा नव्हता. आपल्याकडे, मुंबई प्रांतात, तो कायदा 1946 चा, देशभरासाठी 1955 चा. तेव्हा "डाग" हा शब्द, जो तुम्ही काकांच्या वतीने पत्रात तीनदा लिहिलाय, तो 1931 मधल्या कुणाच्याही तोंडी नसणार. तो आपला शब्द आहे.

शिवाय मुरबाडकडच्या बहुतेक शेतकरी घरांत तेव्हा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागायचा. विधवेचा पुनर्विवाह कायद्याने 1856 पासून मान्य होता आणि अनेक जातींत तर त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला. घरात एक लग्नाची आणि एक पाटाची, असं असायचं. आता विचार करा, या दोघींत पाटाची कोण होती? तुम्ही धरून चाललाय की पोटगीवालीला बाजूला सारलं आणि पणजी मिरवली. उलटंही असेल. तुमच्या यजमानांची सख्खी पणजीच पाटाची असेल, आणि काकांना जे झाकायचंय ते तिच्याबद्दलचं असेल.

कागदाबद्दल आणखी एक सांगते. मोडी दुसऱ्याही माणसाकडून वाचून घ्या. तुमच्या जाणकारावर अविश्वास म्हणून नव्हे. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि तलाठ्याचं अक्षर म्हणजे तलाठ्याचं अक्षर. नावांत तर हमखास घोटाळा होतो, कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. महादू बिन गणू, म्हणजे गणूचा मुलगा महादू, त्याचा गणू बिन महादू, त्याचा पुन्हा महादू बिन गणू. एकाच गावात, एकाच भावकीत, एकाच वेळी असे दोघे जिवंत असू शकतात. तुमच्या दोन विधवा एकाच महादूच्या की दोघांच्या, हे गट किंवा सर्व्हे नंबर जुळवल्याशिवाय ठरत नाही.

आता ती पोटगीची नोंद. ती मागे धरून पुढे चालत जा. पोटगी सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात लागली की ती कमी करायला पुढे कधीतरी दुसरा फेरफार लागतो. "मयत सबब नाव कमी" असं असेल तर तिच्या मरणाचं साल हाती येईल. नोंद काही न सांगता गळालेली असेल तर कदाचित सातबाऱ्याच्या पुनर्लेखनात गेली असेल, किंवा तिने स्वतः पाट लावला असेल. पाट लावला की मयत नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. ती माहेरी परतली असेल. मुंबईत गिरणीत लागली असेल. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत तेव्हा बायकाच जास्त, आणि त्यांतल्या कितीतरी विधवा. नाव कागदावरून गेलं म्हणजे घराने पुसलं, असं लगेच म्हणता येत नाही. काही बाया स्वतःच्या पायाने निघून गेल्या आहेत. त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मरणाची नोंद गाव नमुना 14 मध्ये शोधा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. हल्ली दाखल्यांसाठी यालाच फार मागणी आहे, त्यामुळे तहसिलीतला माणूस "कुणबी नोंद पाहिजे का?" असंच पहिलं विचारेल. नाही, म्हातारी पाहिजे, म्हणा. नमुन्यात बाईचं नाव, कोणाची कोम, वय, कारण, इतकं मिळतं. 1931 ते 1960 एवढी पानं चाळली तरी दोन फेऱ्यांत काम होईल. तुमचं एक नशीब की मुरबाड पहिल्यापासून ठाणे जिल्ह्यातच आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाला 1981 च्या आधीचं रत्नागिरीत शोधावं लागतं, सावंतवाडीकडच्यांना तर 1948 च्या आधीचं संस्थानच्या दप्तरात. पनवेल-उरणकरांनी जुनं गॅझेटियर उघडलं तर 1882 च्या ठाणे खंडात त्यांचा तालुका सापडतो, कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, नाही. आणि नवी मुंबईतल्या घणसोली-कोपरखैरण्याच्या घरांची तर शेतीच सिडकोत गेली. पण संपादनाच्या निवाड्यात खातेदारांची नावं आहेत, इतर हक्क आहेत. मीठागर गेलं तरी मीठागराच्या मालकाची आई त्या कागदात बसलेली असते. ज्यांना ती पत्रं "जमिनीचे पैसे" एवढ्यासाठीच आठवतात त्यांनी एकदा नावांसाठी वाचावीत.

बरं. आता रीत. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कागद सगळ्या घरांचे सारखे असतात, मागचं पान तुमच्याकडेच आहे.

मागच्या दारी पान ठेवायची रीत अनेक घरांत आहे, आणि कारणं वेगवेगळी. कुणाकडे ते राखणदाराचं असतं, कुणाकडे पितरांचं, कुणाकडे गाईचं, कुणाकडे अडल्यानडल्याचं. सासूबाईंच्या वहीत "हळदकुंकू नाही" लिहिलंय, ते वाचून तुम्ही म्हणालात, बघा, विधवेचं पान. शक्य आहे. पण राखणदारालाही हळदकुंकू नसेल आणि पितरांनाही नसेल. त्या ओळीने एवढंच कळतं की पान सवाष्णीचं नाही. असंच ओढत नेलं तर उद्या कुणी म्हणेल की ज्येष्ठा-कनिष्ठा अशा दोन गौरी उभ्या राहतात त्या म्हणजे दोन सवतीच.

रीतीला प्रश्न कसा विचारायचा ते सांगते. ती कुठकुठे चालते ते बघा. गावात तुमच्या भावकीची जेवढी घरं आहेत त्या सगळ्यांकडे मागचं पान असेल, तर रीत पणजोबांच्याही आधीची. मग तिचा या बाईशी संबंध नाही. फक्त तुमच्याच शाखेत असेल, तर घरं वेगळी झाली त्यानंतरची, आणि तुमचा अंदाज बळकट झाला. पण तिसरी शक्यता आहे, जी तुमच्या पत्रात अजिबात नाही. भावकीत कुणाकडेच नाही आणि सासूबाईंच्या माहेरी आहे. मग? मग ते पान तुमच्या सासरचं नव्हेच. सासूबाईंनी ते लग्नात बरोबर आणलं, किंवा त्यांच्या सासूने. आडनाव बापाकडून येतं, जमीन बापाकडून आली, पण नैवेद्याचं ताट बहुतेक घरांत सुनांच्या माहेराहून आलेलं असतं. वंशावळीत आपण बायकांना कंसात टाकतो आणि मग त्यांच्या रीती घेऊन पुरुषांचा इतिहास शोधायला निघतो.

म्हणून पहिला फोन आत्यांना करा. 79 वर्षांच्या आत्या डोंबिवलीत आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि संपूर्ण पत्रात त्यांना तुम्ही काहीही विचारलेलं नाही. काकांकडे गेलात कारण ते घरातले मोठे. पण पान वाढायला चुलीपाशी कोण होतं? आत्या. माहेरवाशिणीला माहेरच्या रीती जशा आठवतात तशा घरातल्यांना आठवत नाहीत, कारण तिने त्या सोडून दिलेल्या असतात. त्यांना विचारा की पानात काय काय असायचं, खारं की अळणी, पान कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचं, नंतर ते कोण खायचं. दक्षिणेकडे असेल तर पितरांचा वास येतो. कुत्र्या-कावळ्याला जायचं की गाईला, यातही फरक आहे. फोन रेकॉर्ड करायला हरकत नाही, पण त्यांना सांगून.

माझ्या घरचं थोडं सांगू? आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. लहानपणापासून ऐकलेलं की प्लेगात कुणी नवस बोललं होतं, मूल वाचलं, म्हणून पाचाचे दीड झाले. मी हे शाळेत निबंधात लिहिलंय. पुढे चुलत आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा सापडला तेव्हा त्यात त्यांनी भावाला लिहिलेलं पोस्टकार्ड होतं, साधारण असं : यंदा रजा दोनच दिवसांची आहे, तेव्हा दीड दिवसात आटपावे, पुढे बघू. ते "पुढे बघू" अजून चालू आहे. मी हे पोस्टकार्ड आईला दाखवलं. ती म्हणाली, "असेल. पण नवसही असेल." मी वाद घातला नाही, आणि आजतागायत मला खात्री नाही की ती चूक होती.

आता गौरींनंतर पितृपक्ष येतोच आहे. तिथे तुम्हाला कदाचित सगळ्यात सोपं उत्तर मिळेल. तुमच्या घरी महाळ होतो का? होत असेल तर गुरुजींकडे किंवा काकांकडे नावांची यादी असणार, बहुतेक एखाद्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. आणि लक्षात घ्या, महालयाच्या नामावळीत सापत्न आईसाठी वेगळी जागा आहे. आपल्या शास्त्राने ती गोष्ट लपवलेली नाही, तिला रांगेत बसवलंय. काकांच्या वडिलांनी, म्हणजे 1931 च्या त्या अज्ञान मुलाने, महाळ घातला असेल तर त्याने त्या जागी कोणाचं नाव घेतलं ते चिठ्ठीत असेल. नाव असेल तर तुमचं "घराने तिला पुसलं" हे म्हणणं तिथेच मोडलं. घराने तिला वर्षातून एकदा तिळपाणी दिलं, तुम्हाला कळवलं नाही एवढंच.

चिठ्ठी नसेल तर नाशिक-त्र्यंबक. तुमच्याकडच्या अस्थी तिकडे गेल्या असतील तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनाव सांगून बघा. त्या चोपड्यांत पूर्वी कोण आलं, बरोबर कोण होतं, मागे कोण आहे हे घरच्याच माणसाच्या हातचं लिहिलेलं सापडतं. दक्षिणा द्या, फोटोला परवानगी विचारा.

जुन्या कागदांवर सालं बघून गोंधळू नका. शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590, पेशवाईकडचा शुहूर सन असेल तर 599, आणि प्रत्येकात एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरा, कारण त्यांची वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत. जन्मपत्रिकेतल्या तिथीची तारीख त्या सालच्या पंचांगावरूनच काढा. मोडी तुम्हालाच शिकायची असेल तर शिका, पुराभिलेख खातं वर्ग घेतं. ठाण्यातच राहता तर मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी भरा. 1893 पासूनची संस्था आहे. तुमच्या तालुक्याबद्दल काय छापलं गेलंय ते शोधायला तिथून सुरुवात बरी.

राहिले मोठे काका.

ताई, जरा वयं मोजा. काका आज 84 वर्षांचे, म्हणजे जन्म 1941 च्या आसपासचा. ती पोटगीवाली 1931 मध्ये विधवा झाली. तेव्हा ती तिशीत असली तर काका दहा वर्षांचे झाले तेव्हा पन्नाशीतली असणार. तुमच्यासाठी ती फेरफारातली एक ओळ आहे. काकांनी तिला पाहिलेलं असू शकतं. तिच्या हातचं खाल्लेलं असू शकतं. तिच्याशी घर कसं वागलं हे लहान मुलाच्या डोळ्यांनी बघितलेलं असू शकतं. "झाकलेलं आहे ते बरं आहे" हे तुम्ही अब्रूची भीती म्हणून ऐकलंत. ते दुखणंही असू शकतं.

आणि भीती असली तरी ती बिनबुडाची नाही. गावात जमीन आहे, वारस 20 आहेत, वाटपाचं काही ना काही चालू असणार. अशा वेळी कुणी "आणखी एक बाई होती" म्हणालं की भावकीतल्या चार जणांना इतिहास ऐकू येत नाही, हिस्सा ऐकू येतो. तुमच्या शोधाने आज जमिनीवर काय परिणाम होईल हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, गरज पडली तर वकिलाने सांगायचं. पण त्या फेरफाराचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. नोंद सरकारी आहे, कुणीही नक्कल काढू शकतं, तरी ती गौरीच्या आदल्या रात्री 40 फोनवर पोचवणं आणि नक्कल मिळणं यात फरक आहे. काकांना स्पष्ट सांगा, मला जमिनीशी कर्तव्य नाही, वंशावळीत दोन्ही नावं लिहायची आहेत. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघा. निम्मं उत्तर तिथे मिळेल.

यजमानांचं "तुला कशाला" मी फार मनावर घेणार नाही. सून म्हणून तुम्ही त्या घरात आलात तशीच तीही आली होती. या शोधावर तुमचा हक्क त्यांच्याइतकाच आहे. मात्र जाहीर कधी, कुठे, कुणासमोर करायचं हे एकट्या तुम्ही ठरवू नका. माझं मत विचाराल तर यंदाच्या गौरीला काहीही सांगू नका. जेवणाच्या पंगतीत उभं राहून केलेली घोषणा लोक शिऱ्याबरोबर गिळतात आणि घरी गेल्यावर भांडतात. आत्या, मग काका, मग गावची दोन म्हातारी माणसं, मग कोतवाल बुक. हे सगळं होऊन महाळाच्या यादीत किंवा वंशावळीच्या कागदावर तिचं नाव लिहायची वेळ आली, तर ते काकांच्या हाताने लिहिलं जावं असा प्रयत्न करा. जमेलच असं नाही. नाही जमलं आणि कागद पक्के असले तर तुम्ही लिहा. काकांच्या नकारापायी तिला कायमचं गाळावं, असं मी म्हणणार नाही.

मुलीच्या प्रकल्पाचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. चौकटी आखताना प्रत्येक बाईच्या नावाखाली तिचं माहेरचं गाव लिहायला सांगा. तुम्हाला किती जणींचं माहेर माहीत नाही ते तेव्हा दिसेल. शिक्षक गुण कापणार नाहीत, आणि कापले तर कापले.

यंदा पान ठेवा. बाल्कनीतच ठेवा, कबुतरांची काय ती व्यवस्था करून. सासूबाईंनी लिहिलंय तसं, आधी, हळदकुंकवाशिवाय. नाव न घेता. तुमच्या सासूबाईंनी ते इतकी वर्षं तसंच ठेवलं, त्यांना माहीत असेल किंवा नसेल.

आणि काकांकडे जाल तेव्हा फेरफाराची झेरॉक्स नेऊ नका. सासूबाईंची वही न्या. ते पान उघडून समोर ठेवा आणि "हे खरं का?" असं विचारू नका. "काका, तुमच्या लहानपणी हे पान कोण वाढायचं?" एवढं विचारा, आणि ते बोलेपर्यंत गप्प बसा.